दुसऱ्या टाकीत मी काही घातलं नाही

पडेगाव, संभाजीनगर
३० सप्टेंबर २०१८

चि. श्रीरंग यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मागच्या दिवाळीत आलं आणि उत्तर आज लिहितोय, याचा राग धरू नकोस. लिहायला बसलो की पहिली ओळ जमत नव्हती. तू बंगळुरूला बिअरच्या कारखान्यात लागलास तेव्हा मी जे बोललो ते बोललो. माझं मत आजही तेच आहे. पण इथं असं काही घडलंय की तुझ्याशिवाय कुणाला विचारावं कळत नाही.

या महिन्यात घरामागच्या शेडपुढं एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून स्टीलच्या दोन उभ्या टाक्या उतरल्या, आरशासारख्या. टाक्या करणारा साकिब. छावणीत त्याचं वर्कशॉप आहे, डेअरीवाल्यांना दुधाच्या टाक्या करून देतो. मनस्विनीनं नोकरी सोडली होतीच. मी समजलो, पोरगी डेअरी काढते. आनंद झाला म्हण. पितृपक्षाच्या तोंडावर टाक्या उतरवल्या तेवढं मनाला लागलं, बाकी काही नाही. शेजारच्या आवडाबाईला मी आपणहून सांगून बसलो की आता तूप बाहेरून आणू नका.

मग एक दिवस सरकारी माणूस आला आणि मारुतीच्या देवळापासून आपल्या शेडपर्यंत टेप लावून मोजू लागला. मी म्हणालो, "साहेब, दुधाच्या धंद्याला देवापासून अंतर कशाला?"

तो टेप गुंडाळत म्हणाला, "काका, दूध कुठलं? बिअरचं लायसन आहे हे. तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाय का?"

मी तिथंच पायरीवर बसलो. आयुष्यभर सत्यनारायण सांगितले मी. आवडाबाई कंपाउंडवरून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मंग गुरुजी, तूप कधी मिळंल?"

मला वाटलं, अंतर कमी भरेल आणि सगळं थांबेल. मी मारुतीला तसं सांगितलंसुद्धा. अंतर पुरेसं भरलं.

मनूला विचारलं तर म्हणाली, "अण्णा, आधी सांगितलं असतं तर तुम्ही जेवण सोडलं असतं. आता टाक्या आल्यात, आता सोडा." ही बोलायची पद्धत झाली का? पुढं छोटं हॉटेल, वेरूळला जाणारे लोक थांबतील, मागं काचेतून टाक्या दिसतील, असं तिचं चाललंय. तू तिला फोनवर शिकवतोस हेही त्याच दिवशी कळलं. म्हणजे घरात मी एकटाच बाहेरचा.

कागद किती लागतात ते तुला माहीत असेल, मला नव्हतं. एक्साइजचा, महापालिकेचा, अग्निशमनचा, प्रदूषणवाल्यांचा, अन्नाचा. प्रत्येक नळ कुठं, प्रत्येक पाइप कुठून कुठं, याचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो आणि मग एक तोटीसुद्धा इकडची तिकडं करता येत नाही. पाणी कुठून आणणार तेही लिहून द्यावं लागतं. आणि पाणी तर नाहीच. नळाला चार-पाच दिवसांआड येतं. इकडं नव्या वसाहती वाढताहेत, एकेका इमारतीला तीन तीन टँकर. रात्री झोप लागत नाही. पोरगी तुरुंगात तर जाणार नाही ना? एवढं तरी कळव.

तुझा,
अण्णा

पडेगाव
१९ ऑक्टोबर २०१८

चि. श्रीरंग यास, आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं, असं तू मनूला फोनवर सांगितलंस म्हणे. म्हणजे पत्ता बरोबर आहे, एवढं कळलं.

काल दसरा झाला. बिअरची पहिली उकळ काल काढली. मी शेडमध्ये जाणार नव्हतो, पण वास घरात आला. मला वाटलं होतं, देशी दारूच्या गुत्त्यावर येतो तसा वास असेल. तसा नव्हता. सातूचं पीठ भाजताना येतो तसा होता. तुझी आई उन्हाळ्यात करायची तसा. मला काही सुधरेना. दारूला असा वास यावा हे बरोबर वाटत नाही.

जाऊन दारात उभा राहिलो. साकिबनं चपला बाहेर काढल्या होत्या. हात कोपरापर्यंत धुतलेले, वर आणखी कसलं तरी औषध चोळलेलं, डोक्याला फडकं. मनूचंही तसंच. टाकी आधी सोड्याच्या कढत पाण्यानं धुतलेली, मग पुन्हा धुतलेली. झाकणाला उघडा हात लागला तर साकिब ते पुन्हा पुसायचा. मी म्हणालो, "अरे, हे तर सोवळं आहे."

साकिब म्हणाला, "व्हय काका, सोवळंच. आमच्याकडं दुधाच्या टाकीला बी असंच करतो. जरा घाण गेली की सगळा माल गेला."

"तू पितोस का रे हे?"

"तौबा! मी टाकी करतो काका. मिठाईच्या दुकानाचा पत्रा ठोकणाऱ्याला डायबेटीस असतोच का?"

मला हसू आलं. त्याचं काम चोख आहे. आत कुठं जोड आहे ते बोट फिरवून कळत नाही. बोट मी मागच्या महिन्यात फिरवलं होतं, काल नाही.

तर पूजेचं. चिकलठाण्याला, वाळूजला, कुणाच्या गिरणीला, कुणाच्या छापखान्याला, दसऱ्याची यंत्रपूजा मीच सांगत आलो. लोकांच्या यंत्रांना फुलं वाहिली आणि पोटच्या पोरीचं यंत्र तसंच ठेवायचं, हे मला जमेना. धंदा कसलाही असो. मनू म्हणाली, "करा अण्णा. पण बाहेरून. आत काही जाता कामा नये." झेंडूचा हार घातला, स्वस्तिक काढलं, आरती केली. साकिबनं नारळ फोडायला हातोडी दिली. पूजा यथासांग झाली, काही कमी ठेवलं नाही.

पाऊस गेला तो गेलाच. टँकर शेडपाशी रिकामा होताना आवडाबाई हंडा घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, पाणी पिणाराला पाणी नाय अन् दारू पिणाराला पाणी." मनूनं तिला दोन हंडे भरून दिले. बोलणं थांबलं नाही.

तुझ्याकडं पाणी कसं आहे?

अण्णा

पडेगाव
१५ नोव्हेंबर २०१८

चि. श्रीरंग,

सगळं बिघडलं. मनूनं तुला फोनवर काही सांगितलं असेल, पण तिनं रडत सांगितलं असेल म्हणून मी नीट लिहितो.

पाडव्याला दुसरी टाकी भरली. भाऊबीजेला पहिल्या टाकीची चव घेतली. मनूनं घोट घेतला आणि तोंड वाकडं करून बेसिनकडं पळाली. आंबट. मठ्ठ्यासारखी आंबट. आणि फेस धरेना. ग्लासात ओतली की फेस येतो आणि लगेच बसतो, म्हणाली.

त्या दोघांचं भांडण मी दारामागून ऐकलं. मनू म्हणत होती, "वेल्डिंगमध्ये कुठंतरी फट असणार. त्यात घाण बसली. दुसरं कारणच नाही."

साकिब म्हणाला, "मॅडम, माझ्या टाकीत दूध नासत नाय, तुमची बिअर नासंल?"

"मग नासली कशानं? मी थुंकले का त्यात?"

"ते मला काय माहीत? पण माझ्या जोडावर बोलू नका."

"बोलणार. तुमच्याच टाकीत आंबली ना?"

पहिल्यापासून ती त्याला साकिबभाई म्हणायची. त्या दिवशी नुसतं "तुमच्या, तुमच्या" चाललं होतं.

आता फेकून द्यायची म्हटलं तरी आपल्या मनानं फेकता येत नाही. इन्स्पेक्टरसाहेबांना बोलवावं लागलं. ते मंगळवारी आले, त्यांच्यासमोर तोटी उघडली, सगळं मोरीतून गेलं. वाहताना पाहवत नव्हतं. कुंपणाबाहेर बायका उभ्या होत्या. साहेबांनी विचारलं, "कारण काय लिहू?" मनू म्हणाली, "टाकीतला दोष." त्यांनी तसं लिहिलं आणि टाकी दुरुस्तीला न्यायची परवानगी दिली.

गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. साकिबकडं चितेगावच्या एका डेअरीचं काम चालू होतं. त्यांनी सांगितलं, आधी त्या टाकीचं काय ते कळू द्या, मग आमचं बघू.

काल सकाळी मी छावणीत गेलो. का गेलो, मला माहीत नाही. त्याला धीर द्यावा असं मनात होतं. वर्कशॉपसमोर टाकी आडवी ठेवलेली आणि गल्लीतली माणसं, शेजारचे फिटर, सगळे जमलेले. साकिबनंच त्यांना बोलावलं होतं. म्हणाला, "काका, टाकी मी उघडी कापतो. जोड खराब असंल तर सगळ्यांना दिसू द्या. मंग मी दुधाचं कामच सोडून देतो."

त्याची आई अनिसा, तिनं मला आत बसवलं, चहा दिला. मी तिच्या हातचा चहा पितो, तुला माहीत नसेल. ती दही लावत होती. कोमट दुधाच्या भगोन्यात तिनं चमचाभर विरजण घातलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "एवढंसं पुरतं का?"

ती हसली. "गुरुजी, इत्तासा जामन बस होता. इससे तो पूरी देग जम जाए."

एवढ्याशा विरजणानं अख्खा हंडा लागतो, म्हणे. मी तिच्याकडं बघत राहिलो. कप हातात तसाच. तेवढ्यात बाहेर ग्राइंडर सुरू झाला. मी धावत बाहेर गेलो, पण तोपर्यंत टाकी कापली गेली होती.

आत काही नव्हतं, श्रीरंग. फट नाही, डाग नाही. सगळ्यांनी वाकून पाहिलं. एक म्हातारा फिटर म्हणाला, "अरे साकिब, यात तर दाढी करता येईल." कुणी हसलं नाही. चांगली टाकी होती ती. आता दोन फाका झाल्यात.

उगाच एक विचारतो. तुला यातलं कळतं म्हणून. समज, कुणी अशा मोठ्या टाकीत पळीभर काही घातलं, चांगलंच काही, शुद्ध, तर त्यानं एवढं होईल का?

अण्णा

पडेगाव
१८ नोव्हेंबर २०१८, रविवार

श्रीरंग,

गुरुवारचं पत्र पोस्टात टाकलं नाही. यासोबतच पाठवतोय. ते आधी वाच, मग हे.

त्यात एक खोटं लिहिलंय. मी बाहेर आलो तेव्हा टाकी कापलेली नव्हती. साकिबनं खडूनं रेघ मारली होती आणि तो हातात ग्राइंडर घेऊन नुसता चालवून बघत होता. मी दारात उभा होतो. मला कळलं होतं. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा, "काय काका?" म्हणाला. मी म्हणालो, "काही नाही, जपून कर." मग त्यानं पातं टेकवलं.

मी असा का वागलो ते मला अजून उमगत नाही. गल्ली भरून माणसं होती.

आता काय घडलं ते सांगतो. दसऱ्याला यीस्ट घालायला साकिबनं वरचं झाकण उघडलं आणि मनूनं हाक मारली म्हणून तो शिडीवरून उतरला. मी चढलो. माझ्या हातात पळी होती. दूध, दही, तूप, मध, साखर. मी मंत्र म्हटला आणि पळीभर पंचामृत आत सोडलं. तिनं नाही म्हटलं होतं, ते मी ऐकलं होतं. पण साकिब म्हणाला होता की घाण जाऊ नये. पंचामृत घाण कसं असेल? एवढं सोवळं पाळून केलेली वस्तू, तिच्यात देवाचं काहीच नको? मला तर वाटलं, यानं दारूचा दोषही थोडा कमी होईल. खरंच वाटलं होतं.

परवा दुपारी पुन्हा छावणीत गेलो आणि साकिबला सांगितलं. तो फाकांच्या मधोमध बसून बिडी ओढत होता. आधी त्याला कळलंच नाही.

"दही? काका, बिअरमध्ये दही?"

"पंचामृत."

"म्हणजे तूप बी?"

"असतंच त्यात."

त्यानं समोरच्या फाकेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणून फेस बसत होता. मी म्हणलं, फेस का मरतोय. तुपानं मेला." जणू दुसऱ्याच कुणाच्या टाकीचं बोलत होता. मग विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

मी खरं सांगितलं. त्यानं बिडी विझवली. "आधी बोलला असता तर मी कापलीच नसती. आता जोडली तरी दुधाच्या कामाची नाय." एवढंच. अनिसा आतून आली आणि म्हणाली, "गुरुजी, आप धूप में मत बैठो." मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मनूला रात्री सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती माझ्याकडं बघत राहिली, तुझी आई गेल्याचं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा बघत होती तशी. मग म्हणाली, "अण्णा, शेडची किल्ली द्या." मी दिली. तिनं साकिबला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, नाही उचलला.

काल ती इन्स्पेक्टरसाहेबांकडं गेली. मीही मागं बसून गेलो, ती नको म्हणाली तरी. तिनं सांगितलं, "मी कारण चुकीचं दिलं. टाकीत दोष नव्हता. बाहेरच्या माणसानं आत वस्तू घातली."

साहेब चष्मा काढून म्हणाले, "ताई, टाकीचा दोष असता तर दुरुस्तीवर भागलं असतं. बाहेरचा माणूस टाकीपर्यंत पोचला, हे मी लिहिलं तर मला वर पाठवावं लागतं. मग लायसनचं काय व्हईल ते माझ्या हातात नाय. विचार करा."

ती म्हणाली, "लिहा."

"कोण होता माणूस?"

मी म्हणालो, "मी." साहेबांनी माझ्या कपाळाकडं, गंधाकडं पाहिलं आणि लिहायला लागले. मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत.

आता खरं काम. दुसरी टाकी. तीही साकिबनंच केलेली, तशीच, त्याच हातानं जोडलेली. त्यातली बिअर चांगली निघाली तर कुणाला काही सांगायची गरज उरणार नाही, चितेगाववाले स्वतः येऊन बघतील. ओतून दिली तर लोक हेच म्हणतील की दोन्ही गेल्या, म्हातारा साकिबला वाचवायला दह्याचं सांगतोय. डेअरीवाल्यानं तसं म्हटलंसुद्धा.

आणि मनू ओतायचं म्हणतेय. साहेब शुक्रवारी येतील तेव्हा. कारण पाडव्याला ती भरली तेव्हाही मी पूजा केली होती. श्रीरंग, पाडव्याला मी फक्त बाहेरून कुंकू लावलं. शिडीला हात लावला नाही. पळी देव्हाऱ्यात होती. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "दसऱ्यालाही तुम्ही बाहेरूनच केली होती ना?" वर तिचं म्हणणं, पाइप तेच वापरले, दह्याचे जंतू त्यातून गेले असतील, आत्ता कळणार नाही, मागाहून आंबेल. हे खरं का? पाइप तर त्यांनी सोड्यानं धुतले होते, मी पाहिलं होतं.

आज सकाळी तिनं मोजमापाला दुसऱ्या टाकीतून ग्लासभर काढून टेबलावर ठेवली आणि फोन घ्यायला बाहेर गेली. खिडकीतून मी तो ग्लास पाहिला. मग आत गेलो आणि प्यालो. अर्धा ग्लास. माझ्या सात पिढ्यांत कुणी प्यालं नसेल. बाकीची सदऱ्यावर सांडली. मनू दारात आली तेव्हा ग्लास माझ्या तोंडाला होता. ती किंचाळली, "अण्णा!"

मी म्हणालो, "आंबट नाही. कडू आहे, थोडी गोड आहे, आंबट नाही."

ती म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आणि खुर्चीत बसून रडायला लागली. तिचं बरोबर आहे. मला त्यातलं काही कळत नाही. पण दही मला कळतं. लहानपणापासून दह्याची चव ओळखतो मी. त्यात दही नव्हतं.

अजून डोकं जड आहे. दुपारी जेवलो नाही. आवडाबाई विचारून गेली, "गुरुजी आजारी का?"

मनूचा माझ्यावर विश्वास राहिला नाही आणि साकिब तिचा फोन घेत नाही. तुझं ती ऐकते. थांबायचं का, आणखी कशानं तपासायचं का, पाइपातून खरंच जातं का, ते तू तिला सांग. मी दसऱ्याला घातलं, पाडव्याला नाही घातलं. एवढं तू तरी खरं मान. नसेल मानायचं तर तसंही सांग, पण शुक्रवारच्या आत सांग. हे पत्र कुरिअरनं पाठवतोय, बुधवारी पोचेल म्हणालाय. पोचल्याबरोबर तिला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल, तिला कर.

अण्णा